अभ्रा आणि अस्तर

दुहेरी कापडाच्या वस्तूला दोन अंगे असतात आणि या दोन अंगांसाठी मराठीने फार्सीतून दोन शब्द घेतले आहेत: बाहेरून दिसते ते कापड म्हणजे अभ्रा आणि आतून लावलेले कापड म्हणजे अस्तर. यांपैकी अभ्रा हा शब्द पुढे उशीच्या खोळीपुरता आक्रसला. अस्तर मात्र चोळी, कोट, कुंची, दुलई अशा अनेक वस्तूंना चिकटून राहिले आणि गावोगावच्या शिलाईच्या दुकानांत ते आजही रोजच्या बोलण्यातले नाव आहे. बाजारहाटाची कापडी पिशवी, जिला शहरी दुकानांत आता टोट बॅग म्हणतात आणि विदर्भात थैली किंवा थैला म्हटले जाते, ती घरी शिवायची झाल्यास हे दोन्ही शब्द पुन्हा जवळ आणणे सोयीचे ठरते. अस्तर लावलेली पिशवी ही वस्तुतः एकात एक बसवलेल्या आणि केवळ तोंडाशी जोडलेल्या दोन पिशव्यांची जोडी असते, आणि तिचे आयुष्य बाहेरच्या देखण्या कापडापेक्षा आतल्या न दिसणाऱ्या कापडावर अधिक अवलंबून असते.

एकेरी कापडाची पिशवी कोठे निकामी होते हे पाहिले, म्हणजे अस्तराचे काम ध्यानात येते. चांगले कापड मध्यभागी क्वचितच फाटते. ते जाते शिवणीच्या कडेला आणि धरायचे बंद जोडलेल्या जागी. कापलेल्या कडेचे धागे मोकळे असतात, दर धुण्यात आणि आत घातलेल्या वस्तूंच्या दर घासण्यात त्यांतले काही निसटतात, कडेला दशा सुटतात, आणि या दशा शिवणीपर्यंत पोचल्या की टाक्यांना धरायला कापडच उरत नाही. अस्तर लावल्यावर सगळ्या कापलेल्या कडा दोन थरांमधल्या पोकळीत बंद होतात आणि त्यांचे घासणे थांबते. शिवाय बंदांवर येणारा ताण एका थराऐवजी दोन थरांत वाटला जातो, आणि आतला खिसा अस्तरावरच शिवता येत असल्यामुळे त्याची टीप बाहेर दिसत नाही. पिशवीला जो उभा राहण्याचा डौल येतो तो या दुहेरीपणाचा केवळ जोडफायदा आहे, जरी विकत घेणाऱ्याची नजर आधी त्यावरच जाते.

ही कल्पना नवीन नाही. पानसुपारीची, अनेक कप्प्यांची चंची, नाडी ओवलेला बटवा, दोन्ही टोकांना कप्पे असलेली आणि खांद्यावरून पुढे-मागे सोडायची पडशी, या सर्वांत कापडाचे थर कामानुसार वाढवलेले असत. गोधडीमागेही हाच विचार आहे: जुने, मऊ, एकटे टिकू न शकणारे कापड थरांत घालून टाक्यांनी बांधले की ते पुन्हा कामाला येते.

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील सिहोरा परिसरात अस्तराच्या पिशवीचा विचार कापसाच्या मुलखापेक्षा वेगळ्या साहित्यातून करावा लागतो. मध्य प्रदेशाच्या सीमेजवळचा आणि चांदपूर जलाशयाच्या शेजारचा हा पट्टा धानाचा आहे, त्याची मोठी बाजारपेठ तुमसरची, आणि कापूस पिकतो तो बराच पश्चिमेकडे, वर्धा, यवतमाळ, अकोला या बाजूंना. त्यामुळे येथील घरात हाताशी असलेले कापड दोन वाटांनी आलेले असते: एक धानाच्या व्यवहारातून उरलेला ताग, आणि दुसरे अंगावर वापरून किंवा अंथरून-पांघरून मऊ झालेले सूत. तिसरे कापड जिल्ह्याचे खास, म्हणजे रानरेशमाचा कोसा. तो सर्वांच्या घरात नसतो, पण जिल्ह्याच्या ओळखीत असतो.

तागाचे पोते, ज्याला विदर्भात चुंगडी आणि खरेदी केंद्राच्या भाषेत बारदाना म्हणतात, ते अभ्र्यासाठी उत्तम आणि अस्तराविना निरुपयोगी असे कापड आहे. ठरावीक मालाच्या वेष्टनासाठी ताग सक्तीचा करणारा केंद्राचा कायदा १९८७ चा असून, अन्नधान्याच्या सरकारी साठवणीत तागाची पोती टिकून राहण्यामागे तो आहे. तागाचा धागा राठ आणि भक्कम असतो, परंतु त्याची वीण विरळ असते, कडा फार लवकर उसवतात आणि त्याचे तंतू सतत गळत राहतात. नुसत्या पोत्याच्या पिशवीत कोथिंबीर किंवा कागदपत्रे ठेवली तर हे तंतू त्यांना चिकटतात. घट्ट विणीचे सुती अस्तर हे तीनही दोष झाकते. ताग ओला झाल्यावर कमकुवत होतो म्हणून तो वारंवार धुऊ नये, आणि धागा नरम करण्यासाठी वापरलेल्या तेलाचा वास घालवण्यासाठी पोते उसवून, झटकून, दोन-तीन दिवस उन्हात टाकावे. अशा पिशवीचे बंद तागाचे करू नयेत, कारण ते खांद्याला बोचतात. खाटेची निवार, म्हणजे सुताची जाड विणलेली पट्टी, येथे सर्वांत योग्य.

अस्तरासाठी जुनी सुती साडी किंवा लुगडे घेताना एक भेद लक्षात ठेवावा लागतो. साडी सर्वत्र सारखी झिजत नाही: पायाशी घासणारा काठ, निऱ्यांचा भाग आणि खांद्यावरचा पदर आधी विरतो, तर कमरेभोवतीच्या आतल्या वेढ्याचे कापड त्या मानाने शाबूत राहते. कापड दोन्ही हातांच्या अंगठ्यांखाली धरून आडवे आणि उभे, दोन्ही दिशांनी झटकन ताणून पाहावे. विरलेले कापड चर्र असा आवाज करून धागे सोडते आणि चांगले कापड नुसते ताणून मागे येते. शिलाईच्या दुकानात ब्लाउजचे अस्तर म्हणून मिळणारे पातळ कापड पिशवीला पुरे पडत नाही, कारण ते अंगाला चिकटून राहणाऱ्या वस्त्रासाठी असते, बटाटे वाहण्यासाठी नव्हे. मांजरपाट, म्हणजे न रंगवलेले साधे सुती कापड, पॉपलिन किंवा जुन्या सुती चादरीचा धड भाग अधिक बरा. रंग फिका निवडला तर पिशवीच्या तळाशी गेलेली किल्ली किंवा सुटे पैसे लगेच दिसतात.

अभ्र्यासाठी सुती जीन, ड्रिल किंवा कॅनव्हास ही नेहमीची कापडे होत. जाड खादीही चालते. महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत असलेली सोलापुरी चादर मधोमध विरल्यावर तिच्या कडेचे भाग पिशवीसाठी अगदी उपयोगी पडतात, फक्त तिची वीण जाड आणि सैल असल्यामुळे कापल्याबरोबर कडेने एक लांब टाक्यांची टीप मारून घ्यावी.

कोशाची गोष्ट वेगळी आहे. ऐन आणि अर्जुन, ज्याला या भागात कहू म्हणतात, या झाडांच्या पानांवर वाढणाऱ्या रानरेशीम किड्याच्या कोशांपासून हा धागा निघतो; पूर्व विदर्भात हे कोश-संगोपन मुख्यत्वे ढिवर समाजाने सांभाळले आणि विणकाम भंडारा जिल्ह्यात मोहाडी, आंधळगाव या बाजूंच्या कोष्टी विणकरांनी. करवतीच्या दात्यांसारख्या काठामुळे करवत काठी या नावाने ओळखले जाणारे वस्त्र हे याच परंपरेतले आहे. दात्यांचा तो काठ विणताना काठाचे आणि अंगाचे आडवे धागे वेगवेगळ्या धोट्यांनी चालवून एकमेकांत अडकवावे लागतात, त्यामुळे हे काम संथ होते आणि त्याची किंमतही तशीच असते. पिशवीच्या दृष्टीने मात्र कोशाचे दोन दोष आहेत. त्याचा धागा गुळगुळीत असल्याने शिवणीवर ताण आला की कापड टाक्यांतून सरकते, आणि ओलेपणा व कडक ऊन दोन्ही रेशमाला मानवत नाहीत. सूत ओले झाल्यावर उलट अधिक बळकट होते, रेशीम कमकुवत होते. म्हणून कोशाचा तुकडा वापरायचाच असेल तर तो आधी त्याच मापाच्या सुती कापडावर चारही कडांनी टाचून एकजीव करावा आणि मग तो एकच थर समजून पुढची शिलाई करावी. अस्तर त्यानंतर वेगळे येतेच. अशी पिशवी लग्नकार्यात किंवा भेट देण्यासाठी शोभते. आठवडी बाजारात तिला नेणे हा कोशावर अन्याय होय.

घरच्या शिवणकामाकडे पुन्हा लक्ष जाण्यामागे कायद्याचाही हात आहे. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली, तिची प्रत्यक्ष अंमलबजावणी २३ जूनपासून सुरू झाली आणि पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये, दुसऱ्याला १०,००० रुपये, तिसऱ्याला २५,००० रुपये व तीन महिन्यांचा कारावास अशी दंडाची चढती तरतूद होती. पुढे केंद्राच्या नियमांनी प्लास्टिक पिशवीची किमान जाडी आधी ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन केली. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. या काळात दुकानांतून कापडासारखी दिसणारी, पण न विणलेली एक पिशवी मोठ्या प्रमाणावर आली. तिला पुष्कळ लोक कापडी समजतात, प्रत्यक्षात ती पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या तंतूंची असते. ओळखायची तर कड खेचून पाहावी: कापडातून उभा-आडवा धागा सुटा निघतो, या पिशवीतून धागा निघतच नाही.

आता मापांकडे वळता येईल. रोजच्या बाजारासाठी तयार पिशवीची रुंदी ३० सेंटिमीटर, उंची ३५ सेंटिमीटर आणि तळाची खोली १० सेंटिमीटर पुरेशी असते. या मापांचा गुणाकार १०,५०० घन सेंटिमीटर, म्हणजे साडेदहा लिटर होतो आणि त्यात सुमारे ८ किलो तांदूळ मावतो. एका खांद्याने याहून जास्त वाहूही नये. कापायचा तुकडा मात्र तयार मापापेक्षा मोठा असतो, कारण त्यात तळाची खोली आणि शिवणीची माया या दोन गोष्टी मिळवाव्या लागतात. माया म्हणजे टिपेच्या बाहेर राखलेले जादा कापड. शिंप्यांच्या भाषेतला हा शब्द नेमका आहे, कारण पुढे कधी पिशवी उसवून पुन्हा शिवायची वेळ आली तर याच राखीव कापडाचा आधार असतो. रुंदीत ३० अधिक खोलीचे १० अधिक दोन्ही कडांची दीड-दीड सेंटिमीटर माया मिळून ४३ सेंटिमीटर होतात. उंचीत ३५ अधिक खोलीचा निम्मा भाग ५ अधिक वरची व खालची माया ३ मिळून पुन्हा ४३ होतात. म्हणजे प्रत्येक तुकडा ४३ सेंटिमीटरचा सरळ चौरस असतो आणि असे अभ्र्याचे दोन व अस्तराचे दोन तुकडे लागतात.

कापडाच्या रुंदीला पन्हा म्हणतात. ४४ इंची, म्हणजे सुमारे ११२ सेंटिमीटर पन्ह्याच्या कापडात दोन चौरस शेजारी-शेजारी मांडल्यावर ८६ सेंटिमीटर जातात आणि उरलेल्या भागात १० सेंटिमीटर रुंदीच्या दोन उभ्या पट्ट्या बंदांसाठी बसतात. पट्ट्या ६५ सेंटिमीटर लांबीच्या ठेवल्या तर धुऊन घेतलेले अभ्र्याचे कापड तेवढ्याच लांबीचे पुरते आणि चौरसांच्या खाली २२ सेंटिमीटरची जी आडवी पट्टी शिल्लक राहते तिच्यातून खिसा आणि तळाला द्यायचा जादा थर निघतो. बंद उभ्या दिशेनेच कापण्याला कारण आहे: मागावर ताणून धरलेले उभे धागे, म्हणजे ताणा, आडव्या बाण्यापेक्षा कमी लांबतात, तर तिरके, म्हणजे उरेब, कापलेले कापड सर्वांत जास्त ताणले जाते आणि उरेब बंदांची पिशवी काही दिवसांत गुडघ्यापर्यंत लोंबू लागते. नवे सुती कापड कापण्यापूर्वी गरम पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करणे टाळू नये, कारण त्यातली खळ निघून जाते आणि ते मीटरमागे चार-पाच सेंटिमीटर सहज आटते. अभ्रा नवा आणि अस्तर जुन्या साडीचे असेल तर न धुतलेला अभ्रा पहिल्या धुण्यात आटतो आणि आतले अस्तर सुरकुतून बाहेर डोकावते. याच कारणाने नवे कापड ६५ ऐवजी ७० सेंटिमीटर विकत घ्यावे.

शिवणीच्या बळाचा विचार करताना धानाच्या या भागातल्या माणसाला एक उदाहरण घरातच सापडते. तांदळाच्या कट्ट्याचे तोंड शिवणाऱ्या दोऱ्याचे नेमके टोक सापडले की तो दोरा एका ओढीत सरळ सुटत जातो. तो साखळी टाका असतो. त्यात प्रत्येक फास मागच्या फासातून ओवलेला असल्यामुळे एक सुटला की ओळीने सगळे सुटतात, आणि पोत्याच्या तोंडासाठी तो जाणूनबुजून निवडलेला असतो. घरच्या शिलाई मशीनचा टाका याच्या उलट स्वभावाचा आहे. सुईतला वरचा दोरा आणि बॉबिनमधला खालचा दोरा कापडाच्या जाडीच्या मध्यावर एकमेकांत अडकतात, म्हणून एक टाका तुटला तरी शेजारचे टाके जागेवर राहतात. या अडकत्या टाक्याच्या मशीनचे एलियास हाऊ यांचे पेटंट १८४६ चे आणि आयझॅक सिंगर यांचे १८५१ चे आहे. यंत्रांविषयी साशंक असलेल्या गांधीजींनी सिंगरच्या मशीनला मात्र आपल्या आक्षेपातून वगळले होते, हे अनेकांना माहीत नसते.

दोऱ्यांचा ताण बरोबर आहे की नाही हे चिंधीवर टीप मारून पाहावे: दोन्ही बाजू सारख्या दिसल्या तर ताण योग्य, खालच्या बाजूला फास लोंबत असतील तर वरचा दोरा सैल, आणि वरच्या बाजूला खालचा दोरा ठिपक्यांसारखा दिसत असेल तर वरचा दोरा फार घट्ट. साध्या सुती कापडाला १४ क्रमांकाची सुई चालते, जीनला १६ आणि ताग किंवा कॅनव्हासला १८. मोठा क्रमांक म्हणजे जाड सुई, १४ क्रमांकाची सुई ०.९ मिलिमीटर जाडीची तर १८ ची १.१ मिलिमीटर. टाका अडीच ते तीन मिलिमीटर लांब असावा. फार बारीक टाके अधिक बळकट असतात हा गैरसमज आहे, कारण जवळजवळ पडलेली सुईची छिद्रे कापडाला टपाल तिकिटाच्या कडेसारखे फाडण्यायोग्य करून ठेवतात. मशीन नसेल तर पाठटाका घालावा, म्हणजे प्रत्येक टाक्याला सुई अर्धे पाऊल मागे नेऊन पुढे काढावी. नुसता धावदोरा एका ठिकाणी तुटला की ओढला जातो, पाठटाका जात नाही.

प्रत्यक्ष शिलाईत आधी अस्तराच्या एका तुकड्यावर, वरच्या कडेपासून सुमारे ८ सेंटिमीटर खाली, दुमडलेल्या कडांचा खिसा शिवून त्याच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांवर लहान त्रिकोणी टीप मारावी, कारण खिसा नेहमी तेथूनच उसवतो. अभ्र्याच्या तळाला जादा थर द्यायचा असल्यास तो याच टप्प्यावर लावावा. नंतर अभ्र्याचे दोन्ही तुकडे सुलट बाजू आत करून, म्हणजे दिसणाऱ्या बाजू एकमेकींना लागतील असे ठेवून, दोन्ही बाजू आणि तळ शिवावा. तळावर दुसरी टीप पहिलीच्या बाहेर दोन-तीन मिलिमीटर अंतराने मारावी.

यापुढची पायरी नवख्यांना अवघड वाटते, पण तीच पिशवीला तळ देते. कोपरा अशा रीतीने चिमटीत धरावा की बाजूची शिवण तळाच्या शिवणीवर बरोबर येऊन एक त्रिकोण तयार होईल. या त्रिकोणाच्या टोकापासून, म्हणजे दोन शिवणी मिळतात त्या बिंदूपासून, शिवणीवर ५ सेंटिमीटर मोजले असता त्या ठिकाणी त्रिकोणाची आडवी रुंदी आपोआप १० सेंटिमीटर भरते. तेथे खडूने आडवी रेघ मारून दुहेरी टीप घालावी आणि बाहेरचा त्रिकोण एक सेंटिमीटर माया राखून कापून टाकावा. दोन्ही कोपरे झाल्यावर चपटी खोळ पेटीसारखी उभी राहते. अस्तराचीही अशीच पिशवी शिवायची असते, मात्र दोन फरकांसह.

पहिला फरक मापाचा. अस्तर आत ढगळ राहू नये म्हणून ते सर्व बाजूंनी थोडे लहान करावे असा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो हातातल्या शोभेच्या पिशवीला लागूही आहे, पण भार वाहणाऱ्या पिशवीला तो घातक ठरतो. उंचीने लहान झालेले अस्तर अभ्र्याच्या तळाला टेकत नाही, अधांतरी लटकते आणि सगळा भार एकट्या त्या पातळ कापडावर पडतो. म्हणून अस्तराची टीप फक्त बाजूंना दोन-तीन मिलिमीटर आतून मारावी. उंची अभ्र्याइतकीच ठेवावी. दुसरा फरक उलटवण्याच्या तोंडाचा. अस्तराच्या शिवणीत सुमारे १२ सेंटिमीटरची फट न शिवता सोडावी लागते, कारण शेवटी संपूर्ण पिशवी तिच्यातून बाहेर ओढायची असते. ही फट बहुतेक जण तळाशी ठेवतात, ती बाजूच्या शिवणीत मधोमध ठेवावी. तळाची हाताने बंद केलेली शिवण ८ किलोंचा भार फार काळ पेलत नाही.

बंदांची १० सेंटिमीटरची पट्टी दोन्ही लांब कडा मध्यावर आणून पुन्हा मध्यावर दुमडली की चार थरांचा अडीच सेंटिमीटर रुंद बंद तयार होतो, आणि त्याच्या दोन्ही कडांनी टीप मारली की तो पिळत नाही. बंद अरुंद असेल तर तेच वजन खांद्याच्या कमी जागेवर येऊन रुतते; रुंदी दुप्पट केली तर दाब निम्मा होतो, इतका हा हिशेब सरळ आहे. प्रत्येक बंदाच्या दोन टोकांमध्ये १२ सेंटिमीटर अंतर ठेवून ते अभ्र्याच्या वरच्या कडेवर सुलट बाजूने टाचावे. टोके कडेबरोबर कापू नयेत. ती टिपेच्या जागेपासून ४ सेंटिमीटर बाहेर राहू द्यावीत, म्हणजे पिशवी उलटल्यावर ही शेपटे अभ्रा आणि अस्तर यांच्या मध्ये खाली जातात आणि पुढे त्यांच्यावरून पुन्हा टीप मारता येते.

आता सुलट केलेली अभ्र्याची पिशवी उलट असलेल्या अस्तराच्या पिशवीत अशी घालावी की दोघींच्या सुलट बाजू समोरासमोर येतील आणि बंद मध्ये दबलेले राहतील. बाजूच्या शिवणी जुळवून तोंडाभोवती सलग टीप मारावी. मग अस्तराच्या बाजूची फट शोधून तिच्यातून सगळी पिशवी हळूहळू बाहेर ओढावी. काही क्षण हाती नुसता गोळा दिसतो, पण अस्तर अभ्र्यात ढकलले की रचना उलगडते. तोंडाची कड इस्त्रीने बसवून, अस्तर बाहेर डोकावणार नाही असे दाबून, कडेपासून अर्ध्या सेंटिमीटरवर एक आणि तीन सेंटिमीटरवर दुसरी अशा दोन टिपा गोलाकार माराव्यात. ही दुसरी टीप बंदांच्या आतल्या शेपटांना पकडते. या दोन टिपांच्या मध्ये प्रत्येक टोकावर चौकोन आणि त्यात फुली काढली की ताण एका रेघेवर न पडता चौकोनभर पसरतो. येथे बंदाचे चार, अभ्र्याचा एक आणि अस्तराचा एक असे किमान सहा थर येतात, म्हणून पायडल न मारता मशीनचे चाक हाताने फिरवून टाके घालावेत. घाई केली की सुई मोडते.

अशी पिशवी शिवली म्हणजे पर्यावरणाचे काम झाले असे मानण्याची घाई मात्र करू नये. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार नव्या सुती पिशवीचा हवामानावरील भार एकदाच वापरलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीच्या पातळीवर येण्यासाठी ती १३१ वेळा वापरावी लागते. डेन्मार्कच्या २०१८ च्या अभ्यासात, जेथे तुलना दुकानातल्या अधिक जाड प्लास्टिक पिशवीशी होती, हवामानापुरता आकडा ५२ निघाला, तर ओझोन थराच्या हानीसह सर्व निकष धरल्यास तो ७,१०० पर्यंत गेला. आठवड्यातून एकदा बाजार या हिशेबाने ५२ फेऱ्या एका वर्षात, १३१ अडीच वर्षांत आणि ७,१०० फेऱ्या सुमारे १३६ वर्षांत होतात. या आकड्यांत पिशवी नाल्यात किंवा गुरांच्या पोटात गेल्याचा हिशेब नाही, हे खरे. पण नव्या कापसामागे पाणी, खत आणि ऊर्जा किती जाते हे त्यांतून दिसते. साडी म्हणून एकदा जगलेले कापड अस्तरात गेले तर त्या कापडापुरता हा भार आधीच फिटलेला असतो. कपाटात पडून राहणारी पाचवी-सहावी नवी पिशवी मात्र कोणत्याही हिशेबात बसत नाही.

म्हणून अस्तर फाटले तर पिशवी टाकू नये. अभ्रा जाड असतो, झीज आतून होते, आणि तोंडाच्या टिपा उसवून जुने अस्तर काढले की त्याच्याच मापाचे नवे कापता येते. अस्तरात छोटे भोक असेल तर तेवढेही उसवण्याची गरज नसते: बाजूची १२ सेंटिमीटरची फट उघडून अस्तर तिच्यातून ओढून घ्यावे आणि मागच्या बाजूने ठिगळ लावावे. त्यासाठी ही फट बंद करताना मशीनची बारीक टीप मारू नये. ती हाताने, लांब टाक्यांनी आणि अस्तरापेक्षा वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने शिवावी, म्हणजे पुढच्या खेपेला शोधावी लागत नाही.